ट्रेलर ओढणारी वाहने व चालक अनुज्ञप्ती

स्वतःचे इंजिन नसलेले आणि दुसऱ्या मोटार वाहनाला जोडून ओढले जाणारे वाहन म्हणजे ट्रेलर होय. शेतीच्या ट्रॅक्टरमागची ट्रॉली, बंदरातून कंटेनर नेणारा लांबलचक ट्रेलर, जनरेटर किंवा कॉम्प्रेसर बसवलेला दुचाकी गाडा आणि सहलीसाठी मोटारीमागे जोडलेले फिरते घर हे सर्व या संज्ञेत येतात. भारतात अशा वाहनांना मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू होतात. राज्याच्या पातळीवर महाराष्ट्र मोटार वाहन नियम, १९८९ त्यांना पूरक आहेत.

भारतीय कायद्याचे या बाबतीत एक ठळक वैशिष्ट्य आहे. ट्रेलरला तो स्वतंत्र मोटार वाहन मानतो व त्याची वेगळी नोंदणी आणि वेगळा विमा मागतो. परंतु ट्रेलर ओढण्याच्या कौशल्यासाठी चालकाकडून वेगळी अनुज्ञप्ती मागत नाही. त्यामुळे अमुक अनुज्ञप्ती अमुक जोडणीला पुरेशी आहे का, हा प्रश्न परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर फारसा उपस्थित होत नाही. तो बहुधा अपघातानंतर, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उपस्थित होतो आणि जखमीला किंवा मृताच्या वारसांना नुकसानभरपाई विमा कंपनीकडून मिळणार की वाहनमालकाकडून, हे त्याच्या उत्तरावर ठरते.

संज्ञा

अधिनियमाच्या कलम २ मध्ये 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश केलेला आहे. सेमी-ट्रेलर व साइडकार वगळून मोटार वाहनाने ओढले जाणारे किंवा ओढण्यासाठी बनवलेले कोणतेही वाहन म्हणजे ट्रेलर. सेमी-ट्रेलर हा त्याहून वेगळा आहे. त्याचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि त्याच्या वजनाचा काही भार ते वाहन पेलते. सेमी-ट्रेलर जोडलेल्या मोटार वाहनास कायद्यात सांधेजोड वाहन म्हटले आहे. महामार्गावर दिसणारे कंटेनरवाहू ट्रेलर बोलीभाषेत 'ट्रेलर' असले, तरी कायद्याच्या भाषेत ते सांधेजोड वाहन होत. ट्रॅक्टरमागची चारचाकी ट्रॉली मात्र खरा ट्रेलर आहे, कारण ती स्वतःच्या चाकांवर पूर्णपणे उभी असते.

मराठीत 'परवाना' हा शब्द सैलपणे वापरला जातो व त्यातून बराच गोंधळ होतो. परिवहन विभागाच्या मराठीत चालकाला वाहन चालवण्यासाठी मिळते ती 'अनुज्ञप्ती' (बोलीत लायसन्स), तर वाहनाला व्यवसायासाठी रस्त्यावर आणण्यासाठी मिळतो तो 'परवाना' (बोलीत परमिट). ट्रेलरच्या बाबतीत हे दोन्ही कागद लागू शकतात आणि एक असल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

बंद पडलेले वाहन दोराने अथवा दांड्याने ओढत नेणे, ज्याला चालक मंडळी 'टोचन' म्हणतात, हा निराळा विषय आहे. रस्त्यावरील वाहतुकीसंबंधीच्या १९८९च्या विनियमांनुसार बिघडलेले किंवा अर्धवट जुळणी झालेले वाहन, नोंदणीकृत ट्रेलर व साइडकार यांखेरीज काहीही ओढण्यास मनाई होती. टोचन लावलेल्या दोन वाहनांमधील अंतर ५ मीटरांपेक्षा आणि वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, अशी अट होती. या विनियमांची जागा २०१७ मध्ये नव्या विनियमांनी घेतली. त्या अटींतील 'नोंदणीकृत' हा शब्द महत्त्वाचा आहे. गावातील फॅब्रिकेटरकडून चौकट जोडून घेतलेला व कोठेही नोंद नसलेला गाडा मोटारीमागे लावणे त्यामुळेच बेकायदेशीर ठरते, मग तो कितीही भक्कम असो.

पाचवे चाक

सांधेजोड वाहनात ओढणारे वाहन व सेमी-ट्रेलर यांना जोडणाऱ्या चकतीस फिफ्थ व्हील, म्हणजे पाचवे चाक, म्हणतात. हे नाव घोडागाडीच्या काळातले आहे. चारचाकी बग्गीचा पुढचा आस वळू शकावा म्हणून त्याच्यावर एक आडवे कडे बसवलेले असे. चार चाकांखेरीज असलेले हे कडे पाचवे चाक ठरले. आजच्या ट्रेलरमध्ये त्याची जागा ग्रीस लावलेल्या, मागच्या बाजूस खाच असलेल्या जाड पोलादी चकतीने घेतली आहे. सेमी-ट्रेलरच्या तळाला असलेली किंगपिन त्या खाचेत शिरून अडकते. किंगपिनचे ५० मिलिमीटर व ९० मिलिमीटर व्यासाचे दोन प्रकार प्रचलित आहेत. त्यांपैकी दुसरा अतिजड मालासाठी वापरतात.

अमेरिकेतील डेट्रॉइट येथे घोडागाड्या बनवणारे ऑगस्ट फ्रूहॉफ यांनी १९१४ मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागून नेण्यासाठी एक गाडा तयार केला आणि त्याला सेमी-ट्रेलर असे नाव दिले. होडीसाठी केलेली ही सोय पुढे लाकडाच्या वाहतुकीस उपयोगी पडली व तिचा मोठा उद्योग झाला. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावर फिरते घर बनवले. त्याच्या जोडणीत विमानाचे हवा भरलेले चाक आडवे बसवलेले होते. पिकअप ट्रकच्या हौद्यात पाचवे चाक बसवून ओढली जाणारी अमेरिकेतील आजची फिरती घरे त्याच परंपरेतील आहेत.

वसई-विरार परिसर

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला व हा परिसर त्यात आला. येथील वाहनांची नोंद वसईच्या परिवहन कार्यालयात होते आणि त्यांना एमएच-४८ हा संकेतांक मिळतो. त्यापूर्वी नोंदवलेल्या वाहनांवर ठाण्याचा एमएच-०४ हा संकेतांक आढळतो.

या परिसरात ट्रेलरचे दोन निराळे प्रदेश आहेत. लोहमार्गाच्या पश्चिमेस केळी, भाजी व फुलांच्या वाड्या, मिठागरे आणि अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर अशी मच्छीमार गावे आहेत. तेथील रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपणे असलेले व काटकोनात वळणारे आहेत. अशा रस्त्यांवर छोटा टेम्पो सोयीचा, आणि ट्रेलर आलाच तर तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या रूपात येतो. पूर्वेस मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ (जुना क्रमांक ८) जातो. त्याच्या आसपास सातिवली, वालीव, गोखिवरे व पेल्हार येथे कारखान्यांच्या वसाहती आहेत. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाल्यावर या महामार्गावर कंटेनरवाहू ट्रेलरांची रहदारी वाढत गेली. बंदराकडून गुजरातेत जाणारी अवजड वाहने ठाण्याकडून घोडबंदर मार्गाने येऊन वसई खाडीवरचा वर्सोवा पूल ओलांडतात, किंवा भिवंडीच्या गोदामांतून कामण-चिंचोटी मार्गाने महामार्गाला मिळतात. शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी-अंबाडीकडे जाणारा रस्ता हा तिसरा जोडमार्ग आहे.

या रहदारीचे सर्वांत मोठे दुखणे वळण हे आहे. सांधेजोड वाहन वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूस कापत जातात. त्यामुळे फाट्यावर डावीकडे वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या बाजूला थांबलेला दुचाकीस्वार त्याच्या चाकांखाली येण्याचा धोका असतो. चालकाला त्या वेळी डाव्या आरशात बहुधा ट्रेलरची बाजूच दिसते, रस्ता दिसत नाही. महामार्ग व वस्ती एकमेकांना खेटून असलेल्या ठिकाणी हा धोका रोजचा आहे.

ट्रेलरची नोंदणी

अधिनियमाचे कलम ६१ केवळ ट्रेलरसाठी आहे. इतर मोटार वाहनांच्या नोंदणीच्या तरतुदी ट्रेलरलाही लागू होतील, ट्रेलरला मिळालेला नोंदणी क्रमांक त्याच्या बाजूवर लावावा, आणि ओढणाऱ्या वाहनाचा क्रमांक ट्रेलरवर किंवा एकाहून अधिक ट्रेलर असल्यास रांगेतील शेवटच्या ट्रेलरवर लावावा, असे ते सांगते. म्हणजे व्यवस्थित ट्रॉलीवर दोन क्रमांक असतात: बाजूला तिचा स्वतःचा व मागे ट्रॅक्टरचा. प्रत्यक्षात पाठीमागे क्रमांकच नसलेल्या ट्रॉल्या राज्यभर दिसतात. धडक देऊन निघून गेलेल्या अशा ट्रॉलीचा शोध लागणे अवघड होते, आणि या साध्या पाटीचे महत्त्व त्यातच आहे.

'रांगेतील शेवटचा ट्रेलर' ही शब्दयोजना आणखी एका कारणासाठी लक्षणीय आहे. एका वाहनामागे एकाहून अधिक ट्रेलर असू शकतात, हे संसदेने गृहीत धरलेले दिसते. ऊसतोडणीच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व मराठवाड्यात एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या हे नेहमीचे दृश्य आहे. मात्र कायद्याने शक्यता मान्य करणे आणि प्रत्येक वाहनाला तशी मुभा देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ओढणाऱ्या वाहनाची प्रमाणित क्षमता, वजनाची व लांबीची मर्यादा आणि राज्याचे नियम यांची चाळणी त्यापुढे असतेच. जून २०२० मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन निवडक मार्गांपुरती २५.२५ मीटर लांबीपर्यंतच्या 'रोड ट्रेन'ची तरतूद झाली. वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे.

कारखान्यात बनणाऱ्या ट्रेलरांना नियम १२६ मधील मान्यताप्राप्त संस्थांकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व भोसरीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट या त्यांपैकी महाराष्ट्रातील दोन संस्था. वजनानुसार ट्रेलरांचे चार वर्ग केलेले आहेत: एकूण वजन ०.७५ टनांपर्यंत टी-१, त्यापुढे ३.५ टनांपर्यंत टी-२, १० टनांपर्यंत टी-३ आणि त्याहून जड ते टी-४. व्यवसायासाठी वापरला जाणारा ट्रेलर परिवहन वाहन असल्याने त्याला योग्यता प्रमाणपत्रही लागते. परिवहन वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत ते दर २ वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकरण करून घ्यावे लागते.

जुलै २०१८ मध्ये केंद्र शासनाने आसांवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या व सर्वांत जड सांधेजोड वाहनांचे अनुज्ञेय एकूण वजन ४९ टनांवरून ५५ टनांवर गेले. अतिभाराबद्दल २०१९च्या सुधारणेनंतर २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आकारले जातात.

चालकाची अनुज्ञप्ती

अधिनियमाच्या कलम १० मध्ये अनुज्ञप्तीचे वर्ग दिलेले आहेत: बिनगिअरची मोटारसायकल, गिअरची मोटारसायकल, दिव्यांगांसाठी अनुकूल केलेले वाहन, हलके मोटार वाहन, परिवहन वाहन, रोड रोलर आणि विशिष्ट वर्णनाचे मोटार वाहन. १९९४च्या सुधारणेपूर्वी मध्यम व जड मालवाहू वाहनांचे निरनिराळे वर्ग होते. ते एकत्र करून 'परिवहन वाहन' हा एकच वर्ग झाला. या यादीत 'ट्रेलरसह वाहन' असा वर्ग नाही.

युरोपात तसे नाही. तेथे मोटारीच्या 'बी' वर्गाच्या अनुज्ञप्तीवर साधारणतः ७५० किलोग्रॅमपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याहून जड ट्रेलरसाठी 'बीई' हा जोडवर्ग व त्याची वेगळी चाचणी आहे. ब्रिटनने १६ डिसेंबर २०२१ पासून मोटारचालकांसाठी ही वेगळी चाचणी रद्द केली. ट्रकचालकांची टंचाई हे त्यामागचे कारण होते: चाचणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा वेळ ट्रकच्या चाचण्यांसाठी मोकळा करावयाचा होता. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय वादग्रस्त ठरला.

भारतात परिवहन वाहनाची अनुज्ञप्ती मिळण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात आणि शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी अर्ज करण्यापूर्वी किमान १ वर्ष हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असावी लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र व मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्रही जोडावे लागते. इयत्ता आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. ही अनुज्ञप्ती ५ वर्षांसाठी, तर ज्वलनशील व घातक पदार्थ वाहून नेणाऱ्यांसाठी ३ वर्षांसाठी असते. चाचणीच्या बाबींमध्ये वाहन मागे घेण्याचा समावेश आहे, परंतु ट्रेलर जोडून मागे घेणे अशी स्वतंत्र बाब नाही. परिणामी ट्रकवर चाचणी दिलेला चालक कागदोपत्री सांधेजोड वाहनही चालवू शकतो. ट्रेलरचे खरे शिक्षण क्लीनर म्हणून जुन्या चालकाशेजारी घालवलेल्या वर्षांत होते. ही परंपरागत शाळा चांगली असली, तरी तिची परीक्षा कोणी घेत नाही.

हलक्या मोटार वाहनाची व्याख्या करताना परिवहन वाहन व बस यांचे भारासह एकूण वजन, तर मोटार, ट्रॅक्टर व रोड रोलर यांचे रिकामे वजन पाहिले जाते. ते ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. मागे जोडलेल्या ट्रेलरसह होणाऱ्या एकत्रित वजनाचा या व्याख्येत उल्लेख नाही. शेतीचा ट्रॅक्टर रिकाम्या वजनाने या मर्यादेच्या खूपच आत असतो. त्यामागे भरलेली ट्रॉली कित्येक टनांची असली तरी ट्रॅक्टरचा वर्ग बदलत नाही.

नेमका हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे अनेकदा आला. ट्रॅक्टर चालवण्याची अनुज्ञप्ती असलेल्या चालकाने मालाने भरलेली ट्रॉली जोडली म्हणून त्याची अनुज्ञप्ती निष्प्रभ होत नाही व विमा कंपनीला जबाबदारी टाळता येत नाही, असा निर्णय न्यायालयाने २००१ मध्ये दिला. ३ जुलै २०१७ रोजी त्रिसदस्य खंडपीठाने हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असलेल्याला ७,५०० किलोग्रॅमच्या आतील परिवहन वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असे ठरवले. विमा कंपन्यांनी या निर्णयाचा फेरविचार मागितल्यावर प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी २०१७चा निर्णय कायम केला. न्या. हृषिकेश रॉय यांनी लिहिलेल्या या निकालपत्रात, अशा चालकांमुळे अपघात वाढल्याचे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे ठेवण्यात आली नाही, याचीही दखल घेतली आहे.

कंटेनरवाहू सांधेजोड वाहनांना मात्र या सवलतीचा उपयोग नाही. त्यांचे एकूण वजन मर्यादेच्या कितीतरी पुढे असते आणि त्यांच्यासाठी परिवहन वाहनाचीच अनुज्ञप्ती लागते.

शेतीची ट्रॉली व मालवाहू ट्रॉली

केंद्र शासनाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी अधिसूचना काढून वाहनांची 'परिवहन' व 'परिवहनेतर' अशी विभागणी केली. तिच्या परिवहनेतर यादीत 'शेतीचे ट्रॅक्टर व पॉवर टिलर' आहेत, तर परिवहन यादीत 'सार्वजनिक रस्ते वापरणारे पॉवर टिलर व ट्रॅक्टर' आहेत. एकच यंत्र शेतात एका यादीत व डांबरी रस्त्यावर दुसऱ्या यादीत जाऊ शकते, असा या दोन नोंदींचा अर्थ होऊ शकतो. व्यवहारात निर्णायक ठरतो तो वापर. वाडीतील केळीचे घड स्वतःच्या ट्रॉलीतून बाजारात नेणे हे शेतीचे काम. तीच ट्रॉली भाड्याने घेऊन इमारतीच्या पायाची माती, रेती किंवा राडारोडा वाहणे ही मालवाहतूक. ट्रॅक्टर व ट्रेलर यांची जोडी मालवाहू वाहन ठरते व तिला कलम ६६ खालील परवाना लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये म्हटले आहे. एकूण वजन ३,००० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेल्या मालवाहू वाहनांना या परवान्यातून सूट आहे. परवान्याशिवाय वाहतूक केल्यास १०,००० रुपयांचा दंड व ६ महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.

बांधकामे सतत चालू असलेल्या वसई-विरारसारख्या शहरात ही सीमारेषा सहज ओलांडली जाते. शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर बांधकामाच्या मालासाठी वापरात आल्यास दंडाची रक्कम ही त्यातली लहान गोष्ट आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी 'पॉलिसी शेतीच्या वापरापुरती होती' असा बचाव घेऊ शकते आणि नुकसानभरपाईचा सर्व बोजा मालकाच्या घरादारावर येऊ शकतो.

विमा

कलम १४६ नुसार सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा असणे बंधनकारक आहे. ट्रेलर हे मोटार वाहन असल्याने ट्रॅक्टरचा विमा आपोआप ट्रॉलीला लागू होतो, हा समज चुकीचा आहे. पॉलिसीत ट्रेलरची नोंद करून त्याचा हप्ता भरावा लागतो. विम्याशिवाय वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० व पुढे ४,००० रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

ट्रॉलीत बसलेल्या माणसांचा प्रश्न सर्वांत बिकट आहे. लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू व मजूर ट्रॉलीतून नेण्याची प्रथा ग्रामीण भागात रूढ आहे. मालवाहू वाहनातून फुकट प्रवास करणाऱ्यांची जोखीम विमा कंपनीवर सक्तीने येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. २००७ मधील एका प्रकरणात वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामापुरता होता व ट्रॉलीचा विमाच नव्हता. विमा कंपनी जबाबदार नाही, असेच न्यायालयाला ठरवावे लागले. परंतु मजुराची परिस्थिती पाहून कंपनीने आधी रक्कम द्यावी व मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालील विशेष अधिकारात देण्यात आला. असा दिलासा हा हक्क नसून अपवाद असतो.

फिरती घरे व त्यांमागचा दुसरा ट्रेलर

२००४च्या त्याच अधिसूचनेत 'कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' परिवहन यादीत आणि 'खाजगी वापराचे कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर' परिवहनेतर यादीत आहेत. म्हणजे कुटुंबाच्या सहलीसाठी स्वतःचे फिरते घर नोंदवण्याची वाट कायद्यात आहे. विरारहून बोर्डीच्या किनाऱ्यावर किंवा जव्हारच्या घाटावर स्वतःच्या मोटारीमागे ते नेणाऱ्याला हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती पुरते. मात्र ट्रेलर नोंदणीकृत व विमा उतरवलेला असावा, आणि मोटारीच्या उत्पादकाने सांगितलेल्या ओढक्षमतेत बसावा. तेच फिरते घर पर्यटकांना भाड्याने दिले की ते परिवहन वाहन होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात स्वयंचलित कॅराव्हॅनबरोबर ओढून नेण्याच्या तंबू-ट्रेलर, घडीचे कॅराव्हॅन अशा प्रकारांचाही विचार केलेला आहे. स्वयंचलित फिरत्या घरांसाठी एआयएस-१२४ हे तांत्रिक मानक आहे.

अमेरिकेत पाचव्या चाकाचे फिरते घर ओढत असतानाच त्यामागे होडी, मोटारसायकल किंवा सामानाचा छोटा ट्रेलर जोडण्याची हौस आढळते. तेथे हा विषय राज्यांच्या अखत्यारीत आहे. काही राज्ये त्याला परवानगी देतात, काही पूर्ण बंदी घालतात, काही पहिला ट्रेलर पाचव्या चाकाचाच असला पाहिजे अशी अट घालतात, आणि एकूण लांबीची मर्यादा निरनिराळी असते. राज्याची सीमा ओलांडताच कायदेशीर जोडणी बेकायदेशीर होऊ शकते. ब्रिटनमध्ये मोटारीमागे एकच ट्रेलर ओढता येतो. पाचव्या चाकाची अट घालण्यामागे यांत्रिक कारण आहे. चेंडू-हुकाची जोडणी वाहनाच्या मागच्या आसापासून बरीच मागे असते व तिथला आडवा झोका वाहनाला तरफेप्रमाणे हलवतो. पाचवे चाक मागच्या आसाच्या जवळपास वर असल्याने ते अधिक स्थिर राहते. शिवाय प्रत्येक पुढच्या सांध्यावर झोका वाढत जातो. चालकाने पुढे घेतलेला छोटा हेलकावा शेवटच्या ट्रेलरपर्यंत पोहोचताना मोठा झालेला असतो. दुसरा ट्रेलर जोडून वाहन सरळ मागे घेणे तर निष्णात चालकालाही जवळजवळ अशक्य असते.

भारतात फिरत्या घरामागे दुसरा ट्रेलर ओढण्यासाठी वेगळी अनुज्ञप्ती केंद्रीय कायद्यात सांगितलेली नाही. सामान नेण्याचा दुसरा मार्ग म्हणजे वाहनाच्या पाठीमागे हुकात अडकवायची लोखंडी चौकट. तिला चाके नसल्याने ती ट्रेलर ठरत नाही आणि तिची नोंदणी होत नाही. तिचे वजन व लांबी मूळ वाहनातच धरावी लागते. मागच्या चाकांपलीकडे वाहनाचा भाग किती बाहेर यावा यावर नियम ९३ ने मर्यादा घातली आहे: पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्के. चौकटीमुळे मागचे दिवे वा क्रमांकाची पाटी झाकली गेल्यास तोही नियमभंग होतो. उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यास कलम ५२ ने मनाई केली आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. म्हणून सांगाड्याला वेल्डिंग करून हूक बसवून घेणे धोक्याचे आहे.

चालवण्याचे तंत्र

ट्रेलर जोडलेल्या वाहनाला थांबण्यासाठी अधिक अंतर लागते. उतारावर किंवा ओल्या रस्त्यावर ओढणाऱ्या वाहनाची मागची चाके आवळली गेली, तर मागचा ट्रेलर पुढे रेटत राहतो आणि दोन्ही भाग चाकूच्या पात्यासारखे मिटतात. कोकणपट्टीतील पहिल्या पावसात, रस्त्यावरचे तेल व धूळ पाण्यात मिसळते तेव्हा, हा धोका सर्वाधिक असतो. सांधेजोड वाहनात हवेच्या ब्रेकच्या दोन नळ्या ट्रेलरकडे जातात. त्यांपैकी आणीबाणीची नळी तुटल्यास ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. शेतीच्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेकच नसतात व सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो.

भार मांडण्यातही शहाणपण लागते. माल ट्रेलरच्या मागच्या टोकाला अधिक झाला तर जोडणीवरचा दाब कमी होऊन ट्रेलर डोलू लागतो. फार पुढे झाला तर ओढणाऱ्या वाहनाची पुढची चाके हलकी होतात व सुकाणू ऐकत नाही. ट्रॅक्टरच्या बाबतीत चढावर पुढची चाके उचलली जाण्याचे हेच कारण असते. कंटेनरच्या चारही कोपऱ्यांची कुलुपे लावलेली नसल्यास वळणावर कंटेनर ट्रेलरवरून निसटून शेजारच्या वाहनावर पडू शकतो. मागे घेताना सुकाणू उलटे फिरवावे लागते: ट्रेलर डावीकडे न्यायचा असेल तर सुरुवातीला चाक उजवीकडे.

रात्री रस्त्याकडेला उभ्या केलेल्या, दिवे व परावर्तक पट्ट्या नसलेल्या ट्रॉलीवर मागून आदळून होणारे अपघात टाळता येण्याजोगे आहेत. मागे लाल व पुढे पांढरे परावर्तक असावेत, असा दंडक आहे. साखर कारखाने व परिवहन विभाग गाळप हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांवर अशा पट्ट्या लावण्याची मोहीम घेतात.

पुढील रहदारी

डहाणू तालुक्यातील वाढवण येथे मोठे बंदर उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी मंजुरी दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. या बंदराला स्थानिक मच्छीमारांचा व शेतकऱ्यांचा दीर्घकाळ विरोध राहिला आहे. बंदर कार्यान्वित झाल्यावर पालघर जिल्ह्यातील कंटेनर वाहतुकीची दिशा बदलेल. आज वसई-विरारमधून उत्तरेकडे केवळ पुढे निघून जाणारे ट्रेलर तेव्हा मुंबई, ठाणे व भिवंडीहून जिल्ह्यातीलच बंदराकडे येऊ लागतील. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग वसई तालुक्यातून जात असून अवजड वाहनांचा काही भाग त्या मार्गाने वळणे अपेक्षित आहे.